वाढत्या अंगाची सीट मिळत नाही

आमच्या घरात पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची पद्धत. पहिलीत शिवलेला गणवेश तिसरीपर्यंत चालला पाहिजे. आधी बाही दुमडायची, मग शिवण उसवून दोन बोटं खाली सोडायची. मी तसाच वाढलो, माझा मुलगाही तसाच. त्यामुळे नातीसाठी गाडीत बसवायची सीट घ्यायचं निघालं तेव्हा मी चिरंजीवांना बिनदिक्कत सांगितलं, "एकच घे, मोठी घे, शाळा संपेपर्यंत चालेल अशी." ओवी आता साडेसात वर्षांची आहे आणि तिची तिसरी सीट चालू आहे. माझं ते वाक्य दर दिवाळीत कुणीतरी मला ऐकवतंच.

मी एस.टी.त ३१ वर्षं मेकॅनिक होतो. आम्ही दोघं साताऱ्यात, मुलगा-सून पुण्यात वारज्याला. महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी इकडून तिकडे जातं, म्हणजे खेड-शिवापूरचा टोल, खंबाटकी आणि आनेवाडीचा टोल हे ओवीला 'चांदोबा' म्हणता येण्याआधीपासून पाठ. या तीनही सीटा मीच बसवल्या, काढल्या, धुतल्या, परत बसवल्या. तेव्हा जे लिहितोय ते हात काळे करून. कंपन्यांची नावं मात्र लिहिणार नाही. मॉडेलं दर दोन वर्षांनी बदलतात, आणि जी सीट आमच्या गाडीत खिळ्यासारखी बसली ती तुमच्या गाडीत डुगडुगेल.

पहिली सीट म्हणजे टोपलीसारखी, वर कडी असलेली, तान्ह्या बाळाची. १३ किलोपर्यंतची. सुनेच्या माहेरून भेट आलेली. ही सीट उलटी बसते, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. तेव्हा मुलाची जुनी हॅचबॅक होती. मागच्या सीटचा पट्टा टोपलीच्या पाठीमागून फिरवून आणायचा तर बकलपाशी चार बोटं कमी पडत होता. कितीही ओढा, चार बोटं कमी म्हणजे कमी. ज्या दुकानातून ती आली होती तिथे गेलो. तिथल्या मुलाने पाहिलं आणि म्हणाला, "काका, पुढच्या सीटचा पट्टा लांब असतो," आणि बघता बघता ड्रायव्हरशेजारी बसवून मोकळा झाला. वर बोलला, "आईच्या डोळ्यासमोर राहील."

मी सन व्हायझर खाली ओढला. त्यावर चित्र आहे, उलटी सीट, त्यात बाळ, समोर फुगलेली एअरबॅग आणि वर लाल फुली. बऱ्याच गाड्यांत ते असतं, आपण त्याच्याकडे आरशाची चौकट म्हणून बघतो. एअरबॅग फुगते ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि उलट्या सीटची पाठ नेमकी तिच्या तोंडाशी असते. त्या मुलाला चित्र दाखवलं. तो म्हणाला, "सगळे असंच नेतात." मी सीट उचलली आणि बाहेर पडलो. त्या दिवशी मला कळलं की विकणाऱ्याला रंग आणि ऑफर माहीत असतात, पट्टा कुठून घालायचा ते नाही.

दुसऱ्या दुकानात मात्र माणूस भेटला. बाजीराव रस्त्याच्या आसपासचं छोटं दुकान, मालकीणबाई स्वतः काउंटरवर. पहिलाच प्रश्न, "गाडी आणलीय का?" मग भर रस्त्यात, मागून हॉर्न वाजत असताना, त्यांच्या पोऱ्याने एकामागून एक चार सीटा आणून बसवून बघितल्या. चौथीला खाली वेगळा बेस होता, पट्टा फक्त बेसवरून जायचा, म्हणून पुरला. भेट आलेली सीट विहिणबाईंना न दुखावता कशी परत केली ती वेगळी कहाणी. पण गाडी घेऊन दुकानात जा, हे माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं. घरबसल्या मागवायची तर परत घेतात का ते आधी बघा, आणि खोकं फाडू नका.

त्या बाईंनीच मला लेबल वाचायला शिकवलं. सीटच्या पाठीवर नारिंगी चिकटपट्टी असते, तीवर गोलात इंग्रजी ई आणि एक आकडा. जुन्या युरोपीय नियमाची, आर४४ ची असेल तर वजनाचे गट लिहिलेले असतात. १० किलोपर्यंत शून्य, १३ पर्यंत शून्य-प्लस, ९ ते १८ पहिला, १५ ते २५ दुसरा, २२ ते ३६ तिसरा. नव्या नियमाची, आर१२९ ची असेल तर सेंटीमीटरमध्ये उंची असते. त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी आहे, आणि १५ महिन्यांच्या आत मूल पुढे तोंड करून बसवायला मनाई. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२, ते बरंचसं जुन्या आर४४ वर बेतलेलं. यातलं काहीच लेबलावर नसेल तर ती खुर्ची आहे, चांगली खुर्ची असेल, पण खुर्चीच.

आणखी एक खूण. पट्टा ज्या खाचांतून घालायचा त्या रंगवलेल्या असतात. निळी खाच उलट्या बसण्याची, लाल खाच सुलट्याची. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी तीन गाड्यांत डोकावून पाहिलं, त्यातल्या एकीत उलट्या सीटचा पट्टा लाल खाचेतून घातलेला होता. बेल वाजवून सांगितलं. ते गृहस्थ आधी रागावले, मग चहा दिला.

ओवीचं डोकं चौदाव्या महिन्यात टोपलीच्या काठाला आलं. वजन साडेनऊच होतं, १३ किलोला अजून बराच अवकाश. इथे मी चुकलो असतो. लोक किलोच बघत बसतात, पण सीट आधी लांबीला संपते. डोक्याच्या वर दोन-अडीच सेंटीमीटर कवच उरलं नाही की ती टोपली निवृत्त.

त्याच सुमाराला, २०१९ च्या पाडव्याला, नवी गाडी आली. आणि माझ्या वाढत्या अंगाच्या कल्पनेला परत पालवी फुटली. चिरंजीवांनी ऑनलाइन एक 'ऑल-इन-वन' मागवली, जन्मापासून ३६ किलोपर्यंत, एकदाच खर्च. मी खूश. सीट आली, देखणी होती, कप ठेवायला दोन जागा. ओवीला बसवलं तर खांद्याचे पट्टे तिच्या कानाच्या पाळीपाशी निघत होते. सगळ्यात खालच्या खाचेतून घालूनही. उलट्या बसलेल्या मुलाचे पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत, सुलट्या बसलेल्याचे बरोबरीने किंवा किंचित वरून. दोन पायांमधला पट्टा इतका पुढे की पोर घसरून त्यावर बसत होती, बुजगावण्यासारखी. बापाच्या कोटात पोर. नऊव्या दिवशी परत पाठवली. सगळ्याच ऑल-इन-वन वाईट असतात असं नाही, काही घरांत चालल्यात. पण साडेनऊ किलोच्या पोरीला आणि तिसरीतल्या पोराला एकच माप बेतणारा शिंपी मला अजून भेटलेला नाही.

मग घेतली दुसरी सीट, जी मला तिघींत सगळ्यात आवडली. १८ किलोपर्यंतची, उलटी-सुलटी दोन्ही होणारी, आयसोफिक्सची. साडेअठरा हजार. आकडा ऐकून हिने कपाळाला हात लावला, "एवढ्यात तोळाभर नाही, पण अर्धा तोळा तरी आला असता." आला असता.

आयसोफिक्स म्हणजे काय ते मेकॅनिकच्या भाषेत सांगतो. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत बोटं घाला. सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी सळीचे दोन आकडे लागतील, एकमेकांपासून २८ सेंटीमीटरवर. ते गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेले असतात, गादीला नाही. सीटचे दोन जबडे त्या आकड्यांना चावतात, टक् आवाज होतो, लाल खूण जाऊन हिरवी येते. झालं. पट्टा पिळला का, कमी पडला का, बकल उलटं लागलं का, ही कटकटच नाही. तिसरा आधार हवा, नाहीतर सीट पुढे वाकते. कुठे तो खाली टेकणारा पाय असतो, कुठे वरून मागे जाणारा पट्टा. पायाची सीट घ्यायची तर आधी बघा की मागच्या पायदानाखाली सामानाचा कप्पा तर नाही, पोकळ जागेवर पाय टेकवून उपयोग नाही. वरचा पट्टा घ्यायचा तर तो कुठे अडकवायचा ते गाडीच्या पुस्तकात बघा. माझ्या भाच्याने तो डिकीतल्या पिशव्या अडकवायच्या आकड्याला लावला होता. तो आकडा दोन किलो कांद्यांसाठी असतो.

बसवल्यावर जिथे सीट गाडीला धरलेली आहे तिथेच हात घालून डावी-उजवीकडे हलवायची. इंचभरापेक्षा जास्त हलली तर 'प्ले' आहे. आम्ही बेअरिंगला जो शब्द वापरतो तोच. प्ले असलेलं बेअरिंग मी कधी रस्त्यावर सोडलं नाही.

खरी लढाई सीटशी नव्हती, घरातल्यांशी होती. मुलगा-सून म्हणत होते, तीन वर्षांपर्यंत तरी उलटीच बसवायची. हिला ते पाहवेना. "लेकराचे पाय दुमडतायत, त्याला बाहेरचं काही दिसत नाही, आणि आपण काय गुन्हेगार नेतोय का तोंड फिरवून?" पायांचं उत्तर ओवीनेच दिलं. मांडी घालून बसली. आपल्याकडची पोरं जेवतात मांडी घालून, खेळतात मांडी घालून, गाडीत बसली तर बिघडलं कुठे? राहिलं तोंड फिरवण्याचं. ते मी हिला एस.टी.वर नेऊन समजावलं. एस.टी.त कंडक्टर ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला पाठ टेकून, प्रवाशांकडे तोंड करून हिशोब लिहीत उभा असतो. करकचून ब्रेक लागला की उभे प्रवासी एकमेकांवर पडतात, मागच्या पिशव्या पुढे येतात, कंडक्टर जाळीला नुसता दाबला जातो आणि पेन्सिल कानाला लावतो. पाठ भिंतीला आहे ना! लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. सुलटं बसलं तर धड पट्ट्याने धरलं जातं आणि डोकं पुढे फेकलं जातं. उलटं बसलं तर डोकं, मान, पाठ सगळं एकदम कवचात दाबलं जातं. हिला कंडक्टर पटला. तिचा भाऊ कंडक्टर होता.

"मांडीवर घट्ट धरीन मी" या वाक्याचाही हिशोब करून दाखवला. ५० च्या वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली येणं. तिसऱ्या मजल्यावरून उडी मारताना दहा किलोचं पोर हातात राहील का, एवढंच विचारलं. त्यानंतर तो विषय निघाला नाही. खरं तर कायदाही तेच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९४ब कलम आलं, १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर १,००० रुपये दंड. आनेवाडीला आजवर कुणी आमची काच खाली करून विचारलेलं नाही, ते सोडा.

या सीटच्या तक्रारीही आहेत. जड आहे, एका गाडीतून काढून दुसरीत टाकायची म्हणजे कंबर धरते. आणि मे महिना! साताऱ्याला दुपारी उन्हात उभी राहिलेली गाडी, बकलचं धातूचं पातं तापून तव्यासारखं झालेलं, आणि ते ओवीच्या उघड्या मांडीला लागलं. रुपयाएवढा लाल वळ उठला. ती रडली त्यापेक्षा मी जास्त ओशाळलो. तेव्हापासून गाडीतून उतरताना सीटवर माझा पांढरा पंचा टाकायचा आणि बसवण्याआधी पात्याला आपली करंगळी लावून बघायची, हा घरचा नियम आहे.

धुण्याबद्दल कुठलीच जाहिरात बोलत नाही. खंबाटकी चढताना तिसऱ्या वळणावर पोरगी ओकली, तेही शिरवळला खाल्लेल्या मिसळीसकट. (मिसळ मीच भरवली होती.) कापड निघतं, मशीनमध्ये धुता येतं, इथवर ठीक. पट्टे मात्र साबणात बुडवायचे नाहीत, इस्त्री करायची नाही, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायचे, तसं पुस्तकातच असतं. सगळं परत जोडायला मला दोन तास लागले, मी, ज्याने लेलँडचा गिअरबॉक्स डोळे मिटून उतरवलाय. आणि एवढं करून उजवा पट्टा आत एकदा पिळला गेला होता, तो सुनेच्या लक्षात आला. तेव्हा काढायच्या आधी मोबाइलवर चार फोटो काढून ठेवा. मी आता ठेवतो.

पट्टा किती घट्ट, याची परीक्षा सोपी. खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटा काढून बघा. चिमटीत घडी आली तर ढिला. थंडीत जाड जाकीट घालून बसवलं की पट्टा घट्ट वाटतो, तो जाकिटाला घट्ट असतो, मुलाला नाही. आधी पट्टा, वरून शाल.

लॉकडाऊनमध्ये अडीच महिने ती गाडी हलली नाही. जून २०२० मध्ये ओवीला बसवली तर पट्टे खांद्यापासून दोन बोटं खाली गेलेले. पोरं वाढतात तेव्हा विचारून वाढत नाहीत. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला, पेन्शन तपासतो त्याच दिवशी, तिचे खांदे आणि खाचा तपासतो. सव्वातीन वर्षांची झाल्यावर सीट सुलटी केली. ओवीने त्या दिवशी आनेवाडीपासून वारज्यापर्यंत दिसलेला प्रत्येक ट्रक मोठ्याने वाचून दाखवला. रंग वाचत होती, अक्षरं येत नव्हती.

मधल्या काळात न्यू जर्सीच्या पुतण्याने तिकडची सीट आणतो म्हणून सुचवलं. तिकडे म्हणे बाळ दवाखान्यातून घरी न्यायचं तरी आधी सीट दाखवावी लागते. चांगली असते, छातीवर एक जास्तीची क्लिप असते. पण तिकडच्या गाड्यांचा मागचा पट्टा पूर्ण ओढून सोडला की लॉक होतो, आपल्या गाड्यांचा बहुधा होत नाही, झटका बसला तरच अडतो. तिकडची सीट आपल्या पट्ट्याने बांधली की थोड्या वेळात सैल होते, वेगळी अडक लावावी लागते. त्याला म्हटलं, तू बदाम आण.

तिसरी सीट म्हणजे सध्याची, पाठ असलेला बूस्टर, १५ ते ३६ किलोची, सात हजार आठशेची. सव्वापाच वर्षांची असताना ओवी साडेसतरा किलोची झाली आणि खांदे शेवटच्या खाचेच्या वर गेले, तेव्हा घेतली. या सीटला स्वतःचे पट्टे नाहीत. तिचं काम एकच, पोराला उचलून गाडीचा मोठ्या माणसाचा पट्टा योग्य जागी आणायचा. कमरेचा पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर. वरचा पट्टा गळ्याला नको, खांद्याच्या मधून. नुसती पाठ नसलेली उशी हजार-दीड हजारात मिळते, पण ओवी लोणंद फाट्याच्या आत झोपते, आणि झोपली की डोकं खिडकीकडे लोळतं. पाठीला बाजूचे कान असले की डोकं जागेवर राहतं. यासाठी वरचे पैसे मोजावेत.

नवी गाडी बघणाऱ्यांसाठी एक सांगतो. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी आदळवून तिला तारे देण्याच्या, चाचण्या सुरू झाल्या, त्यात मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण असतात. दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे बसवून पाहतात. पण ते ज्या सीटांवर बसवतात त्या गाडीच्या कंपनीने सुचवलेल्या असतात. गाडीला पाच तारे असले म्हणून तुमच्या सीटला मिळत नाहीत.

ओवीची उंची सध्या १२० सेंटीमीटर. बूस्टर १४५ ते १५० च्या आसपास सुटतो, म्हणजे अजून तीन-चार वर्षं तरी. वर्गातल्या मैत्रिणी हसतात, अशी कुरबुर सुरू झालीय, ती सुनेच्या खात्यात आहे. माझ्या खात्यात एवढंच, की गाडी सुरू करायला किल्ली हातात घेतली की मागून आवाज येतो, "आबा, तुमचा टक् नाही झाला." माझाच पट्टा राहिलेला असतो.

ती साडेअठरा हजारांची सीट आता माळ्यावर आहे. खालच्या मजल्यावरच्या जोडप्याला बाळ झालंय, त्यांनी परवा विचारलं. जुनी सीट मी कुणाची घेणार नाही, पण आमचीचा सगळा इतिहास मला ठाऊक आहे. एकही धडक नाही. उलटी करून खालच्या प्लास्टिकवरचं तारखेचं चक्र दाखवलं, मध्ये वर्ष, भोवती बारा महिने, बाण महिन्यावर. कंपनीने दिलेलं आयुष्य पुस्तकात बघितलं, अजून शिल्लक आहे. पंचा आणि चार फोटो सोबत देईन म्हटलं. पैसे द्यायला लागले तेव्हा थांबवलं. रविवारी सकाळी गाडी घेऊन खाली या, आधी बसते का ते बघू.